तांबडी फुली

परीक्षकाचें काम ज्यानें तीस वर्षें केलें आहे, त्यास एक गोष्ट अनुभवानें कळलेली असते. मुलाचें उत्तर चुकलें, तर दोष बहुधा मुलाकडे असतो; परंतु एकाच मुलानें एकाच उदाहरणाचें उत्तर सोमवारीं बरोबर आणि मंगळवारीं चूक दिलें, तर परीक्षकानें थांबावें, आणि दोन्ही दिवशीं त्याच्या पाटीवर खरोखर तेंच उदाहरण होतें काय, हें आधीं पाहावें. शाळा सोडून मला कांहीं वर्षें झालीं. हा जुना धडा गेल्या गणेशोत्सवांत मला पुनः गिरवावा लागला, आणि तोहि संगणकाच्या पडद्यापुढें बसून.

माझा पुतण्या उदरनिर्वाहासाठीं एका कचेरींत काम करितो. त्याशिवाय, कोणाकडून एक पैसाहि न घेतां, तो एका शास्त्रीय ‘पॅकेज’ची राखण करणाऱ्या चारपांच मंडळींपैकीं एक आहे. ऋषिपंचमीच्या सायंकाळीं आरतीची वेळ झाली, मुलें टाळ घेऊन उभीं राहिलीं, आणि हा मात्र माडीवर पडद्याकडे पाहत बसलेला. मीं वर जाऊन विचारिलें, “अरे, खालीं सर्व मंडळी खोळंबली आहेत. एवढें काय अडलें आहे?”

“काका, एक तांबडी फुली आहे. ती गेल्याशिवाय नवी आवृत्ति सोडतां येत नाहीं.”

“आणि ती केव्हां जाईल?”

“दोनतीनदां पुनः चालवून पाहिलें कीं जाते. ती नेहमींचीच आहे.”

‘नेहमींचीच आहे’ ह्या शब्दांनीं माझ्यांतील मास्तर जागा झाला. आरती व मंत्रपुष्पांजलि आटोपल्यावर मीं त्याला गांठून सर्व प्रकार समजून घेतला. आमच्या वाचकांच्या घरोघरीं आज असा एखादा मुलगा किंवा सून रात्रीं उशिरापर्यंत पडद्यापुढें बसलेली असते. तीं काय करितात हें वडीलधाऱ्यांस क्वचितच ठाऊक असतें. म्हणून ह्या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

प्रथम पॅकेज म्हणजे काय तें सांगतों. पायथॉन ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा गीडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थानें रचिली आणि १९९१ सालीं लोकांपुढें ठेविली. ती शिकण्यास सोपी असल्यामुळें शास्त्रज्ञांनीं ती उचलली. परंतु प्रत्येक ज्योतिर्विदानें वा रसायनज्ञानें तेंच गणित पहिल्यापासून लिहीत बसणें हा कालाचा अपव्यय होय. म्हणून एकदां नीट लिहिलेलें गणित एकत्र बांधून सर्वांसाठीं विनामूल्य ठेवितात. त्या गाठोड्यास पॅकेज म्हणतात. अंकांच्या मोठमोठ्या कोष्टकांवर हिशेब करणारें ‘नमपाय’ हें असेंच एक पॅकेज, त्याची १.० ही आवृत्ति २००६ सालीं निघाली. ज्योतिःशास्त्रासाठीं ‘ॲस्ट्रोपाय’ हें पॅकेज अनेक ज्योतिर्विदांनीं मिळून २०११ सालीं आरंभिलें. तें नमपायच्या खांद्यावर उभें आहे. ता. १० एप्रिल २०१९ रोजीं एम ८७ ह्या दीर्घिकेच्या केंद्रांतील कृष्णविवराचें जें चित्र जगापुढें आलें, त्याच्या गणितामागेंहि अशीं पॅकेजें होतीं. अर्थात् गाठोड्यांत एखादें चुकीचें सूत्र शिरलें, तर तें एका वहींत राहत नाहीं. तें वापरणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या निष्कर्षांत उतरतें, आणि तेथून छापील निबंधांत जातें. तें कोणीं तपासावयाचें?

आमच्या शाळेंत भागाकार झाला कीं ताळा पाहण्याची शिस्त होती. भागाकाराला भाजकानें गुणावें, बाकी मिळवावी, मूळ संख्या आली म्हणजे उत्तर खरें. हीं मंडळीहि तेंच करितात. भेद इतकाच कीं, ताळादेखील आज्ञांच्या रूपांत लिहून ठेवितात आणि तो संगणकाकडून पाहवितात. उदाहरणार्थ, एका ताऱ्याचें स्थान विषुववृत्ताच्या हिशेबानें दिलेलें आहे. तें आकाशगंगेच्या पातळीच्या हिशेबांत न्यावें आणि परत आणावें. मूळचे अंक मिळाले पाहिजेत. परंतु ह्या ताळ्यांत एक छिद्र आहे. जातांना व येतांना एकच चूक झाली, तर ती एकमेकींस झांकून टाकील. म्हणून त्याच्या जोडीला दुसरी चाचणी लागते. दुसऱ्या कोणीं स्वतंत्र रीतीनें काढलेलें, सर्वमान्य असें उत्तर घ्यावें आणि आपलें उत्तर त्याच्याशीं ताडून पाहावें. मोठ्या पॅकेजांत अशा चाचण्या हजारोंनीं असतात.

ह्या चाचण्या केव्हां व कोठें होतात, तें ऐकण्यासारखें आहे. पॅकेजचा सर्व मजकूर एका सामायिक, उघड्या दप्तरांत असतो. जगांतील कोणींहि त्यांत दुरुस्ती सुचवावी. दुरुस्ती येतांच दूर कोठल्या तरी संगणकगृहांत एक यंत्र कोऱ्या पाटीसारखें पुसून सिद्ध होतें. त्यावर पायथॉन बसविलें जातें, पॅकेज बसविलें जातें, आणि सर्व चाचण्या एका पाठोपाठ चालतात. हें एकाच यंत्रावर होऊन भागत नाहीं. लिनक्स, विंडोज व मॅक ह्या तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर, आणि पायथॉनच्या प्रचलित असलेल्या प्रत्येक आवृत्तीवर, तीच परीक्षा पुनः पुनः होते; कारण वापरणाऱ्याच्या घरीं कोणतें यंत्र असेल तें कोणीं सांगावें? सर्वत्र उत्तीर्ण झाल्यास हिरवी खूण उमटते. एके ठिकाणीं जरी अनुत्तीर्ण, तरी तांबडी फुली. त्यानंतर माणूस वाचून पाहतो आणि दुरुस्ती स्वीकारतो. पुढें आवृत्तीला क्रमांक दिला म्हणजे यंत्रेंच तिचीं बांधीव पुडकीं तयार करितात, तीं पुनः तपासतात आणि सार्वजनिक भांडारांत नेऊन ठेवितात. ह्या संबंध साखळीस तीं मंडळी पाइपलाइन म्हणतात. आपल्याकडे पाण्याच्या नळाला म्हणतात, तोच शब्द.

हें ऐकून मला आपल्या वैदिकांची आठवण झाली. संहिता जशीच्या तशी राहावी म्हणून पूर्वजांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजिले. तेच शब्द उलटसुलट अनुक्रमानें म्हटले कीं एका स्वराचीहि चूक लपत नाहीं. मीं हें मोठ्या अभिमानानें पुतण्यास सांगितलें. तो म्हणाला, “काका, दृष्टांत चांगला आहे, पण तुमची संहिता बदलावयाची नव्हती. आमची तर रोज बदलते. अर्थ न बिघडतां ती बदलावी, हीच आमची अडचण.” त्याचें म्हणणें मला पटलें. एकच ग्रंथ पन्नास माणसें एकाच वेळीं दुरुस्त करीत आहेत, अशी पाठशाळा मीं तरी पाहिलेली नाहीं.

आणखी एक चमत्कार त्यानें सांगितला. आपण कांहींहि न बदलतां पॅकेज बिघडतें! हें प्रथम मला खरें वाटेना. पण त्यानें दोन उदाहरणें दिलीं. पहिलें पृथ्वीचेंच. पृथ्वीचें परिवलन अगदीं घड्याळासारखें नियमित नाहीं. ती किंचित् मागें पडते, कधीं पुढें जाते. म्हणून १९७२ पासून २०१६ च्या अखेरपर्यंत जगाच्या घड्याळांत सत्तावीस वेळां एकेक अधिक सेकंद घालावा लागला. हा फरक मोजून त्याचीं कोष्टकें आंतरराष्ट्रीय संस्था प्रसिद्ध करीत असते, आणि ताऱ्यांचें सूक्ष्म स्थान काढण्यास ॲस्ट्रोपायला तीं लागतात. तीं जुनीं झालीं कीं पंचांग जुनें झाल्यासारखेंच होतें. काल उत्तीर्ण झालेली चाचणी आज अनुत्तीर्ण होते. २०१९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या नाविक वेधशाळेनें आधुनिकीकरणासाठीं आपलीं संकेतस्थळें कित्येक महिने बंद ठेविलीं. ॲस्ट्रोपाय तेव्हां तीं कोष्टकें तेथूनच मागवीत असे. एक अक्षरहि इकडचें तिकडे झालें नव्हतें, तरी अनेकांचीं कामें अडलीं. पुढें कोष्टकांचा मुख्य पत्ता बदलावा लागला. ह्यावरून शहाणीं मंडळी नित्याच्या चाचण्यांत बाहेरून कांहीं मागवूं देत नाहींत. बाहेरच्या गोष्टींची परीक्षा निराळी ठेवितात.

दुसरें उदाहरण पायाच्या दगडाचें. ता. १६ जून २०२४ रोजीं नमपायची २.० ही आवृत्ति निघाली. २००६ नंतर पहिलाच असा मोठा पालट. जुन्या नमपायला धरून यंत्रभाषेंत बांधलेलीं पॅकेजें नव्या नमपायबरोबर चालत ना. तीं नव्यानें बांधावीं लागलीं. कांहीं बदल तर नुसते दिसण्याचे होते. पूर्वीं उत्तर ‘३.०’ असें छापून येई, तें आतां अंकाच्या प्रकाराचें नांव पुढें लावून येऊं लागलें. पॅकेजच्या माहितीपुस्तकांत जीं उदाहरणें दिलेलीं असतात, त्यांचीहि यंत्राकडून परीक्षा होत असते. तीं सारीं एकदम तांबडीं झालीं, आणि गणित मात्र पूर्वीप्रमाणेंच बरोबर! अशा वेळीं घाबरून जाऊं नये आणि दुर्लक्षहि करूं नये. कोणती फुली अक्षराची आणि कोणती अर्थाची, हें एकेक पाहावें. ज्यांनीं नमपायची अप्रकाशित आवृत्ति आधींपासून दर रात्रीं वा दर आठवड्यास लावून पाहिली होती, त्यांस हें संकट कित्येक महिने आधीं कळलें होतें. पायथॉनचीहि नवी आवृत्ति दरवर्षीं ऑक्टोबरांत येते. त्यामुळें ह्या मंडळींचा आश्विन नेहमींच कामाचा असतो.

आतां फुलीकडे वळूं. संगणकाचें दशांशाचें गणित आपल्या समजुतीइतकें स्वच्छ नसतें. तो दोन हा पाया धरून मोजतो, त्यामुळें ०.१ सारखा साधा अपूर्णांकहि त्यास पूर्णपणें लिहितां येत नाहीं. पायथॉनला ०.१ आणि ०.२ ह्यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ असें येतें. म्हणून चाचणींत ‘उत्तर तंतोतंत जुळलें पाहिजे’ असें लिहीत नाहींत. ‘इतक्या फरकापर्यंत चालेल’ असें लिहितात. हा फरक किती ठेवावा, ह्यांत परीक्षकाचा विवेक आहे. निराळ्या यंत्रावर शेवटच्या एकदोन स्थळीं फरक पडणें क्षम्य होय. पण चाचणी अनुत्तीर्ण झाली कीं मर्यादा थोडी सैल करावी, पुनः झाली कीं आणखी सैल करावी, ही संवय कशी असते तें आम्ही शिक्षकांनीं पाहिलेलें आहे. त्यास कृपागुण म्हणतात. एका मुलाला दिलेले तीन गुण दयेचे असतात. सर्व वर्गाला दरवर्षीं दिले, म्हणजे उत्तीर्ण ह्या शब्दाला अर्थ राहत नाहीं.

पुतण्यानें मर्यादा सैल केली नव्हती. त्याचा दोष दुसरा होता. ही फुली कधीं येई, कधीं न येई. दोनतीनदां कळ दाबली कीं हिरवी खूण मिळे. हें सुमारें दोन महिने चाललें होतें. पांचहि सहकारी जाणते. परंतु प्रत्येकाला वाटलें कीं, दूरच्या संगणकगृहांतील कांहीं तरी लहर असेल. आणि ह्यांतील खेदाची गोष्ट अशी कीं, ह्याच प्रकारच्या चुकीची एक प्रसिद्ध गोष्ट त्यानेंच मला दोन वर्षांपूर्वीं मोठ्या रसानें सांगितली होती.

ती गोष्ट अशी. एखाद्या द्रव्याच्या रेणूची रचना ओळखण्यासाठीं रसायनज्ञ चुंबकीय मोजमापें घेतात आणि तीं गणितानें काढलेल्या अंकांशीं ताडून पाहतात. त्यासाठीं मिनेसोटा येथील संशोधकांनीं पायथॉनमध्यें लिहिलेल्या आज्ञा २०१४ सालीं एका प्रतिष्ठित नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या, आणि अनेकांनीं त्या वापरल्या. २०१९ सालीं हवाई विद्यापीठांतील संशोधकांस असें आढळून आलें कीं, तीच आज्ञावली व तीच सामग्री निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळीं उत्तरें देते. विंडोजवर व जुन्या मॅकवर एक. नव्या मॅकवर आणि लिनक्सवर निरनिराळीं. कारण काय? त्या आज्ञा एका कप्प्यांतील फाइलींची यादी मागत. यादी कोणत्या अनुक्रमानें द्यावी ह्याचें पायथॉननें कधींच वचन दिलेलें नाहीं. तें यंत्राच्या व्यवस्थेवर सोंपविलेलें आहे. लिहिणारांच्या यंत्रावर यादी नांवांच्या अनुक्रमानें येई, म्हणून त्यांनीं तसेंच धरून चालले. दुसऱ्या यंत्रावर अनुक्रम निराळा आला, आणि एकाची ऊर्जा दुसऱ्याच्या नांवावर मांडली गेली. मूळ कर्त्यांपैकीं एकानें दुरुस्ती तत्काळ केली; ती यादी क्रमानें लावून घेण्याची, एका ओळीची होती. आज्ञा लिहिणारे अडाणी नव्हते, गणितहि चुकलेलें नव्हतें. तीं तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर तपासलीं गेलीं नाहींत, इतकेंच.

माझें संगणकाचें ज्ञान बेताचें. मीं त्याला फक्त शिक्षकाचा उपाय सांगितला. “हजेरीपट काढ. कोणत्या दिवशीं, कोणत्या यंत्रावर फुली आली, आणि आली तेव्हां उत्तर काय आलें, तें एका कागदावर लिही.” प्रारंभीं तो हंसला. त्याच्या एका सहकाऱ्याचें पत्र आलें होतें कीं, लोक नव्या आवृत्तीची वाट पाहत आहेत. ही एक चाचणी ‘अनुत्तीर्ण होणें अपेक्षित’ अशी नोंदवून ठेवावी आणि पुढें जावें. तशी सोय त्या व्यवस्थेंत आहे. ज्ञात दोषांसाठीं ती ठेविलेली असते. पुतण्यास तें जवळजवळ पटलेंच होतें. मीं म्हणालों, “अपेक्षित म्हणतोस, तर ती कां चुकते हें तुला सांगतां आलें पाहिजे. येतें काय?” तो गप्प झाला. त्यानें त्या रात्रीं आवृत्ति सोडली नाहीं.

कागद भरला तेव्हां दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. फुली फक्त लिनक्सवर येई. आणि चुकीचीं उत्तरें मनास येतील तशीं नव्हतीं. दोनच आंकडे आलटून पालटून येत. खरें उत्तर धरून एकंदर तीन. गौरीच्या जेवणाच्या दिवशीं, पानें वाढलेलीं असतां, तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, त्या चाचणींत दुर्बिणीनें टिपलेल्या फाइली तीनच आहेत.” मग सर्व उलगडलें. पॅकेज कप्प्यांतील पहिल्या फाइलीला प्रमाण मानून बाकीच्यांशीं तिची तुलना करी. आणि पहिली कोणती, हें यंत्र ठरवी. विंडोजवर यादी नांवांच्या क्रमानें येत असल्यामुळें योग्य तीच पहिली येई. मॅकवर केवळ योगायोगानें तसेंच घडे. लिनक्सच्या कोऱ्या यंत्रावर मात्र दर वेळीं क्रम बदले. म्हणजे ज्या यंत्रास आम्ही लहरी म्हणत होतों, तेंच सत्य सांगत होतें. मुलाच्या पाटीवर दर दिवशीं निराळें उदाहरण होतें.

दुरुस्ती एका शब्दाची. परंतु प्रश्न तेवढ्यानें संपला नाहीं. हा दोष मागील दोन आवृत्तींतहि होता, आणि त्या लोकांच्या हातीं गेलेल्या होत्या. येथें प्रसिद्धीच्या व्यवस्थेचा एक कठोर नियम सांगितला पाहिजे. पायथॉनच्या सार्वजनिक भांडारांत, ज्यास ‘पायपीआय’ म्हणतात, एका क्रमांकाची फाइल एकदां ठेविली कीं तिच्या जागीं दुसरी ठेवितां येत नाहीं. ती काढून टाकिली तरी त्याच नांवाची पुनः चढवितां येत नाहीं. ‘मागें घेतली’ अशी खूण करितां येते. मग नव्यानें घेणाऱ्यास ती आपोआप मिळत नाहीं, पण ज्यानें तोच क्रमांक लिहून मागितला त्यास मिळते. नियम कठोर असला तरी न्याय्य आहे. आज ज्या आवृत्तीनें उत्तर काढलें, तीच दहा वर्षांनीं हातीं पडली पाहिजे. नाहीं तर निबंधाचा पुनः ताळा पाहणार कसा? परंतु ह्यामुळें चूक झांकण्याची वाट उरत नाहीं. तिची कबुलीच द्यावी लागते.

प्रसिद्धीच्या ह्या शेवटच्या दारावर दुसरेंहि एक भय आहे, तें चोराचें. पूर्वीं कोणी तरी एक कार्यकर्ता आपल्या घरच्या संगणकावर पुडकें बांधी आणि आपला परवलीचा शब्द देऊन तें भांडारांत ठेवी. त्याच्या संगणकांत काय मिसळलें आहे, हें इतरांस कळण्याचा मार्ग नसे. आतां उघड्या दप्तरांतील मजकुरावरून यंत्रच पुडकें बांधतें. एप्रिल २०२३ पासून पायपीआयनें अशी सोय केली आहे कीं, कायमची किल्ली कोठेंहि ठेवावी लागूं नये; त्या त्या वेळेपुरती, थोड्या मिनिटांची किल्ली यंत्रास मिळते. ता. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक खातेदारास दुहेरी ओळख पटवावी लागते. इतकें करूनहि डिसेंबर २०२४ मध्यें ‘अल्ट्रालिटिक्स’ ह्या चित्रें ओळखणाऱ्या प्रसिद्ध पॅकेजवर घाला पडला, आणि तो पाइपलाइनमधूनच पडला. कोणीं दुरुस्ती सुचविण्याच्या मिषानें, दुरुस्तीच्या शाखेला जें नांव द्यावयाचें असतें त्या नांवांतच आज्ञा दडविल्या. यंत्रानें नांव वाचतांना त्या पाळल्या. परिणामीं जी आवृत्ति प्रसिद्ध झाली, ती घेणाऱ्यांच्या संगणकांवर परक्यासाठीं आभासी चलन खणूं लागली. तपासणाऱ्या यंत्राला जें जें हातीं येईल तें तें आज्ञा म्हणून पाळूं दिलें, तर तें राखणदार न राहतां चोराचें साधन होतें. म्हणून परक्याची दुरुस्ती तपासणारें यंत्र निराळें, आणि किल्ली हातीं असलेलें यंत्र निराळें, असा सोवळ्याओवळ्याचा कडक भेद हीं मंडळी पाळितात. ह्या ठिकाणीं तो मला पूर्णपणें मान्य आहे.

असो. पुतण्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं काय केलें, तें सांगून संपवितों. त्यांनीं दोन्ही जुन्या आवृत्तींवर ‘मागें घेतली’ अशी खूण केली. नव्या आवृत्तीच्या बदलांच्या यादींत, सर्वांत वर, साध्या शब्दांत लिहिलें कीं, अमुक दोन आवृत्तींनीं, फाइलींचा क्रम निराळा आल्यास, चुकीचें उत्तर दिलें असण्याचा संभव आहे. ज्यांनीं त्या वापरल्या त्यांनीं गणित पुनः करावें. आणि चाचणी दोन महिने हें सांगत असतां आमचें दुर्लक्ष झालें. शेवटचें वाक्य लिहावें कीं नाहीं, ह्यावर त्यांच्यांत वाद झाला. पुतण्यानें तें ठेविलें. शिवाय एक नवी चाचणी लिहिली. ती फाइलींचा क्रम मुद्दाम उलटासुलटा करून पॅकेजपुढें ठेविते, आणि उत्तर तरीहि तेंच आलें पाहिजे असा आग्रह धरिते. ती वाचतांना मला पुनः घनपाठ आठवला. ह्या खेपेस तो हंसला नाहीं.

तीनचार दिवसांनीं एका परदेशस्थ संशोधिकेचें पत्र आलें. तिनें गणित पुनः केलें होतें. एका कोष्टकांतील आंकडे बदलले होते, आणि निबंध अद्यापि छापावयाचा होता. तिनें आभार मानिले होते. पुतण्यानें तें पत्र मला दाखविलें आणि म्हणाला, “काका, ही सुटली. ज्यांचे छापून झाले आहेत, त्यांचें काय?” ह्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

ह्या कामाला वेतन नाहीं आणि वाहवाहि नाहीं. सर्व सुरळीत चाललें असतां कोणी नांव घेत नाहीं. बिघडलें कीं तक्रारींचा पाऊस पडतो. यंत्रेंहि बहुधा परक्यांनीं उदार मनानें दिलेलीं. २०२० सालीं एका मोठ्या चाचणीगृहानें मोफत सेवेचे नियम बदलले, तेव्हां कित्येक पॅकेजांस आपलें सर्व बिऱ्हाड दुसरीकडे हलवावें लागलें. तेंहि ह्याच मंडळींनीं रात्रीं जागून केलें. घरांत रोज पहांटे उठून पाणी गाळणारी, धान्य निवडणारी जी माउली असते, तिच्या जातीचें हें काम आहे. खडा दांताखालीं आला म्हणजेच तिची आठवण होते.

आमच्या घरीं आतां एक नियम झाला आहे. आरतीच्या वेळीं माडीवर दिवा दिसला, तर मुलें वर जाऊन विचारितात, “फुली नवी आहे कीं नेहमींची?” नवी असली, तर त्याला आरतीस खालीं बोलावितात, ती तासाभरानें पाहिली तरी चालते. ‘नेहमींची’ असें उत्तर आलें, तर मात्र मीं स्वतः वर जातों.